मीनाताईंच्या गच्चीवरचा जिना

३ फेब्रुवारी, मंगळवार
मीनाताईंना हो सांगून आलो. आलो म्हणजे दिलीपनं सांगितलं, मी बायको शेजारी उभी.
फणसवाडीतली जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला त्यांचा, त्याला लागून स्वतःची गच्ची. गच्चीच्या टोकाला लाकडी डेक केलाय, माणसाच्या खांद्याएवढा उंच. तिथं बसलं की टॉवरांच्या फटीतून समुद्राची पट्टी दिसते. वर जायला सध्या लोखंडी शिडी. ताई सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, वर्षभर वर गेल्या नाहीत. सरळ जिना टाकला तर पाण्याची टाकी आडवी येते. म्हणून टाकीला वळसा घालून जाणारा जिना, सागवानी, रुंद पायऱ्यांचा.
"दिलीप, तुझ्याच हातचा पाहिजे हां. माझ्या दवाखान्यातलं फर्निचर तू केलंस, मी रिटायर झाले तरी ते हललं नाही."
विचार करून सांगतो, असं मी म्हणणार होते. त्याआधीच हा, "पाडव्याच्या आत तुम्हाला वर चढवतो."
गणपतीत अर्धांगाचा झटका आला त्याला. उजवी बाजू. पाय परत आला, बोलणं आलं. हात 'जवळजवळ पूर्ण', असं डॉ. म्हणतात. जवळजवळ.

७ फेब्रुवारी, शनिवार
कॉटन ग्रीनच्या आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यात आज कितीतरी महिन्यांनी माणसांचे आवाज. फरशीवर खडूनं जिना काढला, खऱ्या मापाचा. नकाशा माझा. दोरीचं एक टोक मी धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून सुरेश फिरला. सुरेश आमचा जुना सुतार, मालवणकडचा. दिलीपच्या आजारपणात दुसरीकडे गेला नाही. का गेला नाही ते विचारलं की म्हणतो, "खय जाव?"
दिलीप खुर्चीवर बसून सांगत होता. जाड फळी वाकत नाही. पातळ पट्ट्या काढायच्या, मध्ये गोंद, साच्याभोवती वाकवून क्लॅम्पनी आवळायच्या. वाळलं की एक वाकडी फळी. अशा दोन, एक आतली, एक बाहेरची, आणि पायऱ्या मध्ये. सुरेशला हे सगळं ठाऊक आहे. तरी मान हलवत होता.
बरं वाटलं. डबा तिथंच खाल्ला तिघांनी.

११ फेब्रुवारी, बुधवार
दिलीप आणि सुरेश पट्ट्यांना रंधा मारत होते. सुरेश एकदम ओरडला, "दादा, हात बग. रगात येता."
उजव्या हाताच्या दोन बोटांवर चीर, चांगली खोल. पट्टीवर रक्ताचे ठसे. दिलीपनं हाताकडे असं पाहिलं जसं काही तो दुसऱ्याचा हात आहे. मग हसला. "लागलं वाटतं."
लागलं वाटतं.
बोटांना पट्टी बांधताना मी मुद्दाम जरा जोरात दाबलं. त्यानं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी चहा. उकळता, स्टीलच्या पेल्यात. यानं उजव्या हातानं उचलला आणि धरून बसला. मला तर क्षणभरही धरवला नसता.
"दिलीप, बोटांना कळतं का रे?"
"कळतं."
"काय कळतं?"
"सकाळी सकाळी तपासणी नको, मंगल."
डॉ.कडे जाऊ म्हटलं. जिना झाल्यावर, म्हणाला.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आतली फळी आज आवळली. गोंद लावला की थांबायला वेळ नसतो. एकदा वाळायला लागला की संपलं. हा पुढं, एकेक क्लॅम्प पिळत जातोय, सुरेश मागून नवीन लावतोय, मी पट्ट्या दाबून धरलेल्या. घाम, आरडाओरडा, अगदी पूर्वीसारखं. झाल्यावर टाळी दिली सुरेशला.
दिलीप हात धुवायला बाहेर गेला. मी सहज एका क्लॅम्पला हात लावला. फिरला. दुसरा, तोही फिरला. त्याला वाटत होतं घट्ट झालं. बोटांना कळतच नाहीये कुठं थांबायचं.
मी सगळे आवळले. एकूण एक. सुरेश बघत होता. नंतर पंखा बंद करायला गेला.
दिलीप आत आला तेव्हा मी ओघळलेला गोंद पुसत होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार
साच्यातून काढली. सुंदर! दुसरा शब्द नाही. दिलीप तिच्यावरून हात फिरवत राहिला, डावा. मीनाताईंना फोन, फोटो पाठवले. येताना लालबागला उतरून बोंबील आणले, स्वतः तळायला उभा राहिला.
"बघ. हात विसरत नसतो."
मी पोळ्या लाटत होते. हो म्हटलं. माझ्या वाटचे बोंबील त्याच्याच ताटात वाढले.

२५ फेब्रुवारी, बुधवार
जे व्हायचं तेच झालं.
सोमवारी बाहेरची फळी आवळायची होती आणि नेमकं मीनाताईंनी मला बोलावलं, टाकीच्या बाजूला गच्ची गळते म्हणून. मी आल्याशिवाय करू नका, सांगून गेले होते. दिलीप थांबला नाही. मी पोचले तेव्हा गोंद वाळून कडक झालेला. मग आवळून उपयोग काय.
आज काढली. आतल्या अंगाला पट्ट्या सुटलेल्या. नख जाईल एवढी फट, हातभर लांब.
दिलीप सुरेशवर घसरला. गोंद नीट लावला नाहीस, लक्ष कुठं असतं तुझं, गावाला जा परत. सुरेश ऐकून घेत होता. ऐकून घेत होता. मग खाली बघत म्हणाला, "मागच्या टायमाक वैनीन सगळे क्लॅम्प परत आवळल्यान, म्हणान ती फळी रवली. ह्या टायमाक वैनी हय नाय हुती."
दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. नंतर पाहिलंच नाही. घरी डिलाईल रोडला येताना टॅक्सीत पुढं, ड्रायव्हरशेजारी बसला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
"माझ्या मागून माझं काम तपासत होतीस."
"त्या जिन्यावर माणूस चढणार आहे, दिलीप. म्हातारं माणूस."
"मग मला सांगायचंस."
"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"
"नसतं ऐकलं. तरी सांगायचंस."


२८ फेब्रुवारी, शनिवार
दिलीप न सांगता वर्कशॉपला गेला. मी दुपारी पोचले तर फळी घासून तयार. फटीत लाकडाचा भुसा आणि गोंद भरलेला, वरून पॉलिशपेपर. डोळ्यांनी दिसत नाही. इतकं सफाईदार काम कसं केलं असेल त्या हातानं, देव जाणे. त्याला सगळा दिवस लागला असणार.
"झालं," म्हणाला. "आता पायऱ्या घे."
मी विचारलं, पावसात किती टिकेल? वर उन्हात, वर मीनाताई कठडा धरून?
"टिकेल."
"आपल्या आईला चढवली असतीस यावरून?"
उठून निघून गेला.

२ मार्च, सोमवार
ती फळी कापली. सुरेशला सांगवेना म्हणून मीच करवत घेतली. मधोमध. जिथं भुसा भरला होता तिथं बरोबर उघडली, म्हणजे कापायलाच हवी होती.
घरी येऊन सांगितलं. मागून नाही, समोर बसून. "फळी कापली मी."
त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

६ मार्च, शुक्रवार
दिलीप येत नाही. मी आणि सुरेश. बाहेरची फळी परत आवळली. सुरेश म्हणाला, "वैनी, तुमी आवळा, मी धरतंय." तळहाताला फोड. माझ्या हाताला सगळं कळतं. याचंच वाईट वाटत होतं.
घरी दिलीप दिवसभर खिडकीत. जेवतो. औषध घेतो. कुणी फोन केला तर "जिन्याचं काम मंगल बघते".

१० मार्च, मंगळवार
मीनाताईंकडे गेले. मनाशी ठरवून. सांगितलं, की तुम्ही दिलीपच्या हातचा मागितलात, तसा तो नाहीये. एक फळी त्याची, मी आवळलेली. दुसरी माझी आणि सुरेशची. पायऱ्याही आम्हीच करतोय. चालणार नसेल तर आत्ताच सांगा.
त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. "मी डॉक्टर आहे गं, दातांची असले म्हणून काय झालं. पहिल्या दिवशी त्यानं उकळत्या चहाचा कप नुसताच धरून ठेवला तेव्हाच पाहिलं होतं. वाटलं, काम मिळालं तर हात सुधारेल."
म्हणजे यांनाही ठाऊक होतं! त्याला बरं वाटावं म्हणून जिना. राग आला मला, खरंच आला. स्वतःच वर चढणार आणि...
"पक्का आहे ना?" त्यांनी विचारलं.
"पक्का आहे."
"मग झालं. पण मला कळलंय हे दिलीपला बोलू नकोस. मोडेल तो."
हो म्हणून निघाले. ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत आले आणि वाटलं, परत तेच. त्याच्याभोवती सगळे उभे, सगळ्यांना माहीत, आणि कुणी त्याला सांगायचं नाही.

११ मार्च, बुधवार
सांगितलं त्याला. सगळं. मीनाताईंनी कप पाहिला तेही.
ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणखी कुणाला माहितीय?"
"तुझ्या डॉक्टरांना असेल. सुरेशला. मला."
"आणि मला."
पहिल्यांदा म्हणाला. उजवा हात मांडीवर उपडा ठेवला होता. "हॉस्पिटलातून घरी आलो तेव्हापासून कळत नाही काही. सुकी-ओली फळीसुद्धा कळत नाही. तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं?"
मी जवळ जाऊन बसले. तो रडला नाही. मी रडले.

१७ मार्च, मंगळवार
जिना चढवला गच्चीवर. दोन्ही फळ्या दोरांनी बाहेरून वर ओढल्या. खाली अर्धी वाडी गोळा, वर सुरेशचा "सावकाऽऽश".
दिलीप येणार नव्हता. जोडायला घेतलं आणि बघते तर दारात उभा. टॅक्सीनं आला एकटा. कुणी काही विचारलं नाही. मीनाताईंनी खुर्ची दिली, तो बसला नाही. हत्याराला हात लावला नाही. लांबून नुसतं बघत राहिला. मग,
"सुरेश, बाहेरची बाजू टाकीकडं झुकलीय. पाचर दे."
सुरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी लेव्हल लावून बघितली. झुकली होती. पाचर दिली.
त्यानंतर तो बोलत गेला आणि आम्ही करत गेलो. दोनदा माझं त्याचं जुंपलं, शेवटच्या पायरीच्या उतारावरून तर चांगलंच. पाणी साचायला नको, मी म्हणत होते. एकदा मी ऐकलं, एकदा त्यानं.
ऊन उतरायच्या आत जिना उभा राहिला. टाकीला वळसा घालून वर जाणारा. तेल पाजल्यावर सागवानाचा रंग असा काही उघडला की मीनाताई पायरीवरून हात फिरवत राहिल्या.
"चल दिलीप, आधी तू चढ. मग मी," त्या म्हणाल्या.
"मंगल चढेल," हा म्हणाला. "जिना तिचा आहे."
कसं म्हणाला ते मला अजून ठरवता येत नाही. टोचून म्हणाला असता तर त्याचा आवाज मला कळला असता. मानानं म्हणाला असता तरी कळला असता. मी चढले. कुठे करकर नाही, हलणं नाही. वरून समुद्र दिसला. खाली बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, फळीच्या जोडाकडे बघत होता.
मग मीनाताई चढल्या. एक हात कठड्यावर, एक सुरेशच्या खांद्यावर. वर पोचल्या आणि बराच वेळ खाली यायलाच तयार नाहीत.

२० मार्च, शुक्रवार
पाडवा झाला. काल गुढी दोघांनी मिळून उभारली. मीनाताईंचा फोन आला होता, चहा वर डेकवर घेतला म्हणून. दिलीप बोलला त्यांच्याशी, नीट बोलला. जिन्याबद्दल नाही.
माहीममधून एकांचा निरोप आहे, देव्हारा करायचाय, कोरीवकामाचा. मी अजून उत्तर दिलेलं नाही.
आज सकाळी मी निघायच्या तयारीत. हा अंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून दारापाशी उभा. मला वाटलं फिरायला चाललाय.
"आज काय करू?" म्हणाला.
लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्यानं कधी कुणाला विचारला नव्हता. गिऱ्हाइकाला नाही, बापाला नाही. मी पर्समध्ये किल्ल्या शोधत होते, तशीच थांबले. देव्हाऱ्याचं सांगू? डॉ.ची वेळ घेऊ म्हणू? सुरेशला शिकव म्हणू? मला एकही बरोबर वाटेना.
"चहा टाकते," म्हटलं. "बसून बोलू."
बसलाय. चहा झाला. मी हे लिहितेय आणि तो वाट बघतोय.