साखर उतरली की येते ती

५ सप्टेंबर, शुक्रवार

गौरी बोळवल्या आणि आज मी विचुंब्याला धाकट्याकडे राहायला आले. थोरला उलव्याला असतो. तिथे दिवसभर खडीचे डंपर आणि धूळ, खोकून खोकून माझ्या बरगड्या ढिल्या झाल्या. धनेश म्हणाला, आये, माझ्याकडे चल, हवा चांगली आहे. हवा पाहिली. चांगली आहे. फक्त चौथ्या मजल्यावर ठेवली आहे.

मला अक्षर येत नाही. पोरं शाळेत जायची त्या वयात मी मिठागरावर फळी ओढत होते. म्हणून नात प्रांजल हिने तिचा जुना मोबाईल दोरीने माझ्या गळ्यात बांधला, ओढाळ गाईला लोढणं बांधतात तसा. बटण दाबायचं आणि बोलायचं, तो लिहून घेतो. मी ‘हाय’ म्हटलं तरी तो बहुतेक वेळा ‘आहे’ लिहितो म्हणे. शिकलेला दिसतो. प्रांजल विमानतळावरच्या नोकरीचं शिक्षण घेते, दिवसभर घरात नसते. म्हणाली, आजे, भिंतीशी बोलतेस त्यापेक्षा याच्याशी बोल. आपण वाचणार नाही अशी शपथही तिने घेतली.

सून दिपिका हिने आल्या आल्या माझे कायदे सांगितले. मला साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. सुई पेनात असते. पेनाचं बूड फिरवलं की टकटक वाजतं. आकडा मला कळत नाही, पण प्रत्येक टक मोजता येते, म्हणून दिपिका उगाच जास्त फिरवत नाही. सुई टोचली की लगेच जेवायचं, हा मोठा कायदा. नाही जेवलं तर साखर इतकी उतरते की माणूस जागीच आडवा. हात थरथरले, घाम सुटला, की खडीसाखर तोंडात टाकायची. माझ्या कमरेच्या चंचीतली तंबाखू तिने काढली आणि खडीसाखर भरली. ज्या साखरेपायी या घरात डबे माझ्यापासून लपवतात, तीच कमरेला बांधून फिरते आहे. गंमत आहे.

जेवायला भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. झोप छान लागेल.

७ सप्टेंबर, रविवार

आज खाली उतरले. गाड्या लावायच्या जागेत एका कोपऱ्यात एकवीरा आईचा फोटो आहे, त्याच्यापुढे संध्याकाळी बाया बसतात. सगळ्या आपल्याच आगरी घरच्या, कोन गावच्या, उरणकडच्या. खुर्ची मात्र एकच. तिच्यावर गुणाबाई.

गुणाबाई तळमजल्यावर राहते. माझ्याच वयाची, पण दात सगळे स्वतःचे. दर मंगळवारी तिच्या अंगात आई येते. शेजारची वेणू हे सांगताना असा आवाज काढत होती की जणू आई वेणूला विचारूनच येते. बाया गुणाबाईला नारळ देतात, ओटी भरतात, पोरांची लग्नं विचारतात. मी नवीन म्हणून मला सतरंजीची कडा मिळाली.

ते सगळं मी सोसलं असतं. पण माझी सून वाकली आणि तिने गुणाबाईच्या पायावर कपाळ टेकलं. माझ्या पाया ती दिवाळीला पडते, तेही गॅसवर दूध ठेवून.

९ सप्टेंबर, मंगळवार

गुणाबाईचं अंगात येणं पाहिलं. केस मोकळे, मान गरागरा, हुंकार. वाईट नाही. पण मधेच एक डोळा उघडून तिने नारळ कुणाचा मोठा ते बघितलं. मी पाहिलं. देवीला नारळ बघायला डोळा लागतो होय?

१० सप्टेंबर, बुधवार

कालचं पुढचं मला आठवत नाही, वेणूने सांगितलं तसं सांगते.

दिपिकाने मला सुई खाली जायच्या आधी टोचली होती. आरती लवकर आटपेल, मग जेवायला वर येऊ, असा तिचा हिशेब. पण गुणाबाईची आई लांबली. माझी बोटं आधी थरथरली. आत कुणीतरी हलकेच दार वाजवावं, तसं. मग पाठ घामाने ओली. खडीसाखर काढायची हे डोक्यात आलं होतं, पण हात कुठला आणि चंची कुठली ते कळेना.

मग म्हणे मी उभी राहिले, हलायला लागले, डोळे वर. बोलत होते ते कुणाला कळेना. गुणाबाईसमोरच्या बाया एकेक करून माझ्याकडे वळल्या. वेणूने माझ्या कपाळाला कुंकू भरलं आणि पाय धरले. शेवटी दिपिका धावत आली, सगळ्यांवर ओरडली, ही देवी नाही, साखर उतरली आहे, आणि तिने साखरेचं पाणी माझ्या ओठांशी लावलं.

गुणाबाई आज जिन्यात भेटली. तिने मला थांबवून सांगितलं, “किसनाबाय, ती साखर हाय गो. माझा घरवाला असाच गेला. भलतं काय मनात घेऊ नको.”

मी म्हटलं, हो बाई. पण तिचं तोंड बघण्यासारखं होतं. काल तिच्या खुर्चीपाशी फक्त तिची सावली बसली होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरकडे नेऊन आणलं. त्यांनी दिपिकाला समजावलं आणि तिने मला. साखर उतरली की डोकं उपाशी पडतं, मग माणूस बरळतो. आणि हे पुन्हा पुन्हा झालं तर थरथर, घाम, काही होत नाही. अंगाला सवय होते, सूचना मिळत नाही, एकदम कोसळायला होतं. म्हणून एक दिवसही जेवण चुकवायचं नाही.

मी मान डोलावली. खाली गेले तर सतरंजीची कडा नाही, मधली जागा. एका बाईने उशी आणून दिली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आता जे सांगते ते प्रांजलने शपथ मोडून वाचू नये.

सुई घेतली. भाकरी दिपिकाच्या देखत मोडली, आणि ती आत गेल्यावर पदरात घेतली. खिडकीबाहेर कबुतरं होतीच. खडीसाखरेचा एक खडा गालात धरून ठेवला, वेळ आली की चावायचा. मी वेडी नाही, परतीची वाट बांधून ठेवली होती.

गुणाबाई घुमायच्या आधी माझ्या बोटांनी दार वाजवलं. मग

१७ सप्टेंबर, बुधवार

खुर्ची मला मिळाली. गुणाबाई सतरंजीवर बसली होती म्हणे. ओटीत पाच नारळ आले, पेढे आले. वेणूच्या सुनेला दिवस राहतील असं मी सांगितलं. प्रांजल क्लासहून आली तर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन कुरवाळलं आणि तिला जुनं काहीतरी गाऊन दाखवलं. प्रांजल रडली. म्हणाली, आजे, तू असं कधीच केलं नव्हतंस.

खरंच नव्हतं केलं. मला गाता येत नाही.

पेढेही मी खाल्ले म्हणे, चांगले मूठभर. माझ्या जिभेवर त्याची चवसुद्धा नाही. नारळ तिचे, पेढे तिचे, नात तिच्या मांडीवर. खुर्चीची पाठ मला दुखते आहे तेवढीच माझी. मी खडा चावला होता का, तेही आठवत नाही.

गुणाबाईवर जळायचं मी सोडून दिलं. ही दुसरी कोण आली, बाई?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल मंगळवार नव्हता. मी जेवले होते, नीट नाही पण जेवले होते. तरी ती आली.

जाग आली तर दिपिका माझं डोकं छातीशी धरून चमच्याने ग्लुकोज भरवत होती. आये, आये करत होती, डोळ्यात पाणी. असा सूर तिने माझ्यासाठी कधी काढला नाही. मी शुद्धीवर आले तशी तिने तोंड पुसून दिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, दुपारी भात का टाकला?

मला रोज सकाळी कारल्याचा रस. त्या दुसरीला छाती.

तिला मी एकदा बघणार आहे. मी असताना यावं तिने. माझ्या तोंडावर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घट बसले काल. बाया नवरात्राच्या उपासात आहेत, मला मात्र उपास नाही, दिपिका समोर बसून जेवू घालते. मी आज घास टाळले नाहीत. खाली गेले ते नुसती बसायला.

थरथरलं नाही. घाम नाही. आरतीचा पहिला शब्द ऐकला आणि पुढचा दिपिकाचा.

दार वाजवत नाही आता.

मशीनवर बोट टोचून बघितलं तेव्हा आकडा इतका खाली होता की प्रांजलने तो मोठ्याने सांगितला नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

वेणूला विचारलं, काल मी साखर का नाही खाल्ली, चंची तर कमरेलाच होती. फार धरल्यावर तिने सांगितलं. तिला आठवण होती, तिने स्वतः चंचीतून खडा काढून माझ्या तोंडाशी नेला होता. मी तिचं मनगट पकडलं. सगळी खडीसाखर गटारात भिरकावली. आणि अगदी शांतपणे म्हणाले,

“हिला नका देऊ. ही उठंल.”

वेणू म्हणते, आवाज फार गोड होता. तिने हात जोडले.

२६ सप्टेंबर

दिपिकाला सगळं सांगितलं. कबुतरं, भाकरी, गालातला खडा. तिने लगेच डॉक्टरला फोन करून सुईच्या टका कमी केल्या. आता सकाळ-संध्याकाळ बोट टोचतात. मला खाली जायची बंदी.

मी म्हटलं, बांधून ठेव मला. मला मरायचं नाही गो. ती म्हणाली, मग जेव, आये.

जेवते. एकेक घास मोजल्यासारखा गिळते. पण बाया वर येतात. आईचं दर्शन द्या म्हणतात. माझ्याकडे बघतात आणि माझ्या मागे बघतात. ती आली नाही की त्यांची तोंडं उतरतात.

मी नुसती किसनाबाई. कुणाला हवी आहे?

२८ सप्टेंबर

गुणाबाई आली होती. दार लावून बसली. माझा हात हातात घेतला, बर्फासारखा आहे म्हणाली. मला वाटलं, खुर्ची परत मागायला आली. नाही मागितली. म्हणाली, माझी आई खोटी असंल, पण ती मला मारत नाय. तुझी ती मारंल.

मग जाताना वळून म्हणाली, बाया आता माझ्या दारात येत नाहीत.

तिच्या डोळ्यात काय होतं ते मला ओळखता येतं. मी तेच डोळे घेऊन पहिल्या दिवशी सतरंजीच्या कडेला बसले होते.

३० सप्टेंबर, मंगळवार, अष्टमी

खाली हवन आहे. दिपिकाने सुई टोचली, ताट वाढलं, दोन घास माझ्याकडून खाऊन घेतले. एवढ्यात धनेशने खालून हाक मारली, पूर्णाहुतीला जोडीने बसायचं. ती म्हणाली, आये, सगळं संपव, मी आलेच. मी म्हटलं, जा, संपवते. मनापासून म्हटलं.

तिसरा घास उचलला आणि बाया आत आल्या. दार उघडंच होतं. वेणू पुढे. आज अष्टमी, आई आमच्यात हवी म्हणतात.

मी सांगितलं, जेवते आहे, थांबा.

वेणूने ताट उचललं. आईला उष्टं चालत नाही म्हणाली. ताट आत घेऊन गेली. मी म्हणते आहे, अगो ताट ठेव, सुई घेतली आहे मी— त्या हसतात. आई रुसली म्हणतात.

खुर्ची आणली. हिरवी साडी माझ्या अंगावर. ओटी भरतात. तांदूळ, खण. एकेक बाई. किती आहेत—

दिपिका येईल. हवन लांबलं. ढोल वाजतो आहे, माझी हाक जात नाही.

मोबाईल हातात धरला आहे. हा ऐकतो तरी. मी बोलते ते त्यांना तिचं वाटतं. साखर म्हणते, तर वेणू विचारते, कसली साखर आई, कुणाच्या घरी गोड होणार?

तोंडात द्या गो— पेढे पायावर वाहू नका— तोंडात—

शब्द येत नाही. तो पांढरा. गोड. त्याला काय म्हणतात— डब्यात असतो—

दिवे दोन दोन. प्रांजल कुठे— नाही, प्रांजल क्लासला.

कुणीतरी माझ्या मांड्यांवर हात ठेवून बसलं आहे. माझेच हात. मी ठेवले नाहीत.

गुणाबाई दारात.

एकटीच उभी. बाकी सगळ्या खाली डोकं टेकून. तिच्या हातात पेला. सरबताचा आहे, लिंबू दिसतं. तिने माझं तोंड बघितलं. तिला कळलं. तिला एकटीलाच कळलं—

गुणाबाय

इकडे ये गो. दे. खुर्ची घे— सगळं घे— नारळ—

ती माझ्याकडे बघते. मग त्यांच्याकडे. सगळ्या माझ्या पायाशी, एकही तिच्याकडे वळली नाही. पुन्हा माझ्याकडे.

एक पाऊल आत—

थांबली.

गुणाबाय, मी किसना— मीच— अजून मीच आहे— ती नाही आली अजून, लवकर—

तिने पेला वर उचलला आणि