बेसच्या डब्यातला दांडा

बाबा, तुमी बनवलेले बेसच्या स्पीकरचे चार डबे आज मंडईत वाजून राहिले, आणि मी दुकानात बसून कान लावून ऐकून राहिली. तलावाच्या पाळीपलीकडे, शाळेच्या मैदानात दिवाळीनंतरची मंडईची जत्रा यंदाही भरली आहे. दुपारचे दोन वाजले. प्रत्येक ठोक्याले टेबलावरचे स्क्रू सरकतात, त्यात नवं काही नाही. पण ठोक्याच्या मागून अजून एक आवाज येऊन राहिला, लाकडाचा, खडखड. बाकीच्यांच्या कानाले तो लागणारही नाही. माझे कान तुमीच तयार केले, तीच आफत झाली.

परवा तो साउंडवाला आला, तुमच्याकडून हे डबे घेऊन गेला होता तोच. "ताई, जुने स्पीकर जळले. नवे आणले, बसवून दे. उद्या संध्याकाळी डबे न्यायचे, परवा मंडई." नवे स्पीकर होते अठरा इंचीच, पण मागचं चुंबक केवढं! बाप्पा! दोघांनी उचललं तवा टेबलावर आलं. मी जुना स्पीकर खोलला, नवा घालून पाहिला, तर तो चार बोटं बाहेरच. चुंबक तुमच्या दांड्याले अडलं होतं.

तो दांडा मी कशी विसरणार? मी तवा साकोलीले कॉलेजात जात होती. बसमधून उतरून घरी आली, तर तुमी अंगणात डब्यापुढे उकिडवे बसलेले. मागच्या प्लायच्या पाटीले आतून सागाचा दांडा लावलेला, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. बाहेरून लोखंडी कडी, तिचा बोल्ट पाटीतून आणि दांड्यातून आरपार. तुमचा हात आत पुरत नव्हता. "पुस्तकं ठेव, हात घाल," म्हणता तुमी. मी खांद्यापर्यंत हात घालते, आतून नट धरते, तुमी बाहेरून आवळता. मी म्हणते, "बाबा, एवढा जाड दांडा कायले? वजनच वाढते." तुमी म्हणता, "वरचा डबा मागच्या खांबाले याच कडीनं बांधतो ना आपण. दोरी कडीले, कडी दांड्याले. प्लाय काय धरून ठेवते? चार पावसाळ्यात फुगते ते." मंग तो चौदा-पंधराचा पाना तुमी माझ्याच हातात ठेवला. "हा आता तुझा," म्हणाले. लोक पोरीले बांगड्या देतात, आणि तुमी पाना दिला, म्हणून आई दोन दिवस कुरकुरली. तशी ती रोजच कुरकुरायची. स्पीकरच्या कॉइलचा गोंद वाळवायले तुमी त्या कॉइली तिच्या चुलीशेजारी मांडायचे आणि वरणाले गोंदाचा वास यायचा. मले तर अजूनही वरण पाहिलं की तुमी आठवता.

मंडईत डबे रचून झाले की तुमी आधी मशीन सुरू करत नव्हते. मागं जाऊन, दोरीले धरून, दोन्ही पाय उचलून लोंबकळत होते. लोक हसायचे, "म्हाताऱ्याले झुला पायजे," म्हणायचे. तुमाले काही फरक नाही. एकदा घाईत मी दोरी कडीले न बांधता डब्याच्या मुठीले बांधली. तुमी पाहिलं. चार माणसांत ओरडले, "दंडारीचा खेळ सुरू झाला की पोरं कुठं बसतात, दिसत नाही का तुले?" मंग स्वतः दोरी सोडून कडीले बांधली. मले तवा तुमचा रागच आला होता. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा तमाशा, वाटलं.

बाबा, मी तो दांडा कापला. चारही डब्यांतला, मधून, चुंबक बसेल एवढा. आरीनं सागाचा भुसा पडला, आणि तुमची पेन्सिलची खूण असलेला तुकडा माझ्या पायावर आला. दुसरा मार्ग मले माहीत होता. तुमीच शिकवला होता, प्लायची रिंग कापायची, तिच्यावर स्पीकर चढवून बाहेर घ्यायचा. पण त्याले एक दिवस जास्त लागला असता, आणि साउंडवाला मले पुन्हा पुन्हा म्हणत होता, "होते ना ताई? होते ना?" मलेही दाखवायचं होतं ना, बाबा गेले तरी दुकान चालते म्हणून! मंग कडी नुसत्या प्लायवर आवळली, मोठा वायसर लावून. त्यानं हलवून पाहिली. "टिकेल ना?" म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या बाबाचे डबे आहेत. कधी काही झालं का आजवर?"

खडखड वाढली आता. एका बाजूच्या वरच्या डब्यातून येऊन राहिली. नव्या स्पीकरचं वजन सगळं डब्याच्या समोरच्या बाजूले, मागची दोरी ताणलेली, आणि प्लाय तर मी खोललं तवाच कडेनं फुगलेलं होतं. मी पाहिलं होतं ते. साउंडवाल्याले चार वेळा फोन लावला. एवढ्या गोंगाटात कोण ऐकते? मैदान काही दूर नाही, पाळीवरून दहा मिनिटं. तरी मी उठली नाही. जाऊन काय सांगू? भर मंडईत, गावासमोर, बंद करा म्हणू? काहून, तर मी दांडा कापला म्हणून? उद्यापासून कोण येईल या दुकानात?

गाणं थांबलं. वाटलं, पडला डबा. पण कल्ला नाही झाला, कोणी ओरडलं नाही. आता माइकवर कोणीतरी बोलून राहिलं, इथपर्यंत साफ ऐकू येते. दंडार सुरू होऊन राहिली, म्हणते. मोठ्या माणसांनी मागं सरका. लहान पोराईनं समोर येऊन बसा, बेसच्या डब्यांजवळ जागा आहे, म्हणते.

हे पत्र मी तुमाले लिहून राहिली असं वाटत होतं, पण तसं नाही. उठावं लागू नये म्हणून लिहून राहिली होती. पाना हातात घेऊनच बसली होती मी, केव्हाची. कागद तुमच्या दांड्याच्या तुकड्याखाली ठेवते. साउंडवाल्याले मी तुमचं नाव सांगितलं होतं. आता पळत जाते, आणि माइकवर माझं सांगते.