तांबूसाठी राखलेलं गवत

२९ जून २०२५, रविवार
दुरुस्ती. काल लिहिलं की गिनी गवताची चारशे ठोंबं मी लावली. खोटं. मी तीनशे ब्याण्णव. आठ शेजारच्या लवूकाकांनी. पाचवीपर्यंत आत्येने घरीच शिकवलं, ते दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालायला नव्हे.

घरामागचं कुरण पार झिजलं होतं. नुसता कातळ नि कुसळं. हे गवत एकदा लावलं की पाच-सहा वर्षं बघायला नको. आई म्हणते, दिवाळीपर्यंत घरचा चारा झाला नाही, तर तांबू गाय लांज्याला मथुरामावशीकडे. मला सप्टेंबर पुरे.

१९ जुलै, शनिवार
कुरणाभोवतीच्या दगडी गडग्यावर काटेरी फांद्या टाकल्या. तांबूला आत बंदी, तिच्याच भल्यासाठी. ती दिवसभर गडग्यापाशी उभी राहते. तिच्याकडे बघायचं नाही, असं ठरवलं.

७ सप्टेंबर, रविवार
ठोंबांबरोबर मिळालेली पुस्तिका सांगते, पहिली कापणी एक मीटर उंचीला. बहुतेक ठोंबं झाली. कोपऱ्यातली अकरा नाहीत. पुस्तिकेत ‘बहुतेक’ हा शब्दच नाही. थांबते.

आईला समजावलं. ती म्हणाली, "गाईला वाचता येत असतं गो, तर तीही थांबली असती."

२८ सप्टेंबर, रविवार
अकराची नऊ राहिली. बाकीचं माझ्या डोक्यावर गेलंय. सक्सेस.

लवूकाकांनी एक कांडी मोडून बघितली, मोडेना. म्हणाले, आता ह्याने गोठा शाकार. टिकाऊपणाचं कौतुक असावं. तांबूच्या बरगड्या लांबून मोजता येतात. मी मोजल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
सणापुरता नियम मोडला. एक पेंडी कापून तांबूपुढे ठेवली. तिने हुंगली आणि नैवेद्याखालचं केळीचं पान खाल्लं. म्हटलं, सणाला भूक कमीच असते. आईने मावशीला फोन लावला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
काल तांबू टेम्पोतून गेली. वळणापर्यंत मान मागे होती. माझ्याकडे की गवताकडे, नक्की सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मावशीचा फोन आला: सुका पेंढासुद्धा आवडीने खाते.

दुपारी टेप घेऊन मापलं. सर्वांत बुटकं ठोंब एक मीटर दोन सेंटिमीटर. चारशेच्या चारशे तयार. आता घाई करून चालणार नाही, आणि टाळूनही. विळ्याला धार लावली.

पहिली कापणी: सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी सात.