हात पोहोचेल तिथपर्यंत

६ सप्टेंबर, रविवार सकाळ

प्रिय चिमे,

तुझं पत्र मिळालं. तुझी पाठ आता बरी आहे, मुलं मजेत आहेत, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक. खोकला गेला, गुडघे आहेत तिथेच आहेत.

परसात यंदा काही लावलंय का, असं विचारलंस. लावलंय. भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधली ती चिंचोळी जागा तुला माहीतच आहे. आडवं पसरायला वाव नाही, म्हणून जे वाढायचं ते उभं. तुझ्या दादांनी रोवलेले दोन लोखंडी पाइप अजून ताठ आहेत. त्यांच्यामध्ये जाळी ताणली. एका बाजूला दोडका, दुसऱ्या बाजूला काकडी. वेल कसा बांधायचा ते ह्यांनीच शिकवलं होतं. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडायच्या, एक वेढा जाळीला, एक वेलाला, आणि मधे बोटभर सैल. "आवळलंस तर गळा धरल्यासारखं होतं त्याला," म्हणायचे. चाळीस वर्षं खांबांवर चढून विजेच्या तारा ओढलेला माणूस, पण दोडक्याजवळ आवाज इतका मऊ करायचे की मला हसू यायचं.

यंदा वेल फार वर जाऊ देत नाही. हात पोहोचतो तिथे शेंडा खुडते. बाजूने फुटवे येतात, फळंही धरतात. परवा शेजारीण म्हणाली, "अहो, वर एवढी जाळी रिकामी आहे, जाऊ द्या की त्याला!" मी खुडलेले शेंडे उचलून आत आले.

चिमे, मी उगाच लांबण लावतेय.

तू लिहिलंयस की दादाचा फोटो अजून कपाटात पालथा ठेवलाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्या गोळ्यांनी चक्कर येईल, उंचावर चढू नका. तरी हा चढला, असंही लिहिलंयस. "आईबाबांमागे ज्याने मला वाढवलं, त्याने एका दोडक्यापायी मला पुन्हा पोरकं केलं." हे तुझं वाक्य मी कितीदा तरी वाचलं.

ते आपणहून चढले नव्हते. मी चढवलं.

वेल वरच्या दोरीपलीकडे जाऊन वाऱ्याने लोंबत होता. अजून एक दोरी बांधा म्हणून मी तीन दिवस मागे लागले होते. "गोळ्या बदलून मिळू देत, मग बघतो," म्हणत होते. त्या सकाळी शेंडा मोडलेला दिसला आणि माझं डोकं फिरलं. ते पायरीवर चहा घेत बसले होते. म्हणाले, "आज जरा गरगरतंय गं."

मी म्हणाले, "जन्मभर खांबांवर चढलात, आणि आता स्वयंपाकघरातल्या स्टुलाला भिता? राहू द्या. मीच चढते."

स्टूल ओढलंसुद्धा मी. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या हातातून दोरी घेतली. "नको, तू पडशील," एवढंच म्हणाले.

निदान स्टूल तरी धरायचं. तेही नाही. मी फणकाऱ्याने आत गेले, नळ सोडून भांडी घासत बसले. पडल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला नाही.

दवाखान्यात तू धावत आलीस. "कशाला चढला गं हा?" म्हणून माझ्या गळ्यात पडलीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकतात का कुणाचं?" नऊ दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग जो येईल तो म्हणायचा, हट्टी माणूस. मी मान डोलवायचे. वर्ष होत आलं, डोलवतेच आहे. मला मूलबाळ नाही, चिमे. तू गेलीस की माझं माणूस म्हणावं असं कुणी उरत नाही, म्हणून गप्प राहिले.

दादा हट्टी नव्हते. त्यांना भीती वाटत होती, आणि तरी माझ्याऐवजी ते चढले. त्यांच्यावर रागावू नकोस. तो राग माझा आहे, मला दे.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल. चप्पल घालूनच लिहायला बसले होते, आता टपालपेटीपर्यंत जाऊन येते. घरात ठेवलं तर फाडून टाकेन.

तू म्हणू देशील तोवर,
तुझी वहिनी