पाच पट्ट्या आणि एक पंखा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आज सकाळी स्वतःच्या हाताने दाढी करून, एकही जखम न करून घेता हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. यावरून माझे डोके आणि हात दोन्ही ठिकाणावर असल्याचे मानावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नीचे आहे, पण ते बेचाळीस वर्षांचे असल्यामुळे आता त्याला दडपण म्हणत नाहीत. डॉक्टरांनी परवा माझी छाती तपासून "तसं काही नाही" म्हटले आणि फी न घेता निघून गेले. त्यावरून तसे काहीतरी आहे हे मी ओळखले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यांना लागूनचे बांधणीचे दुकान, पत्नीला तिच्या हयातीपर्यंत व त्यानंतर मुलीला मिळावे. जिन्याची तिसरी पायरी करकरते. ती दुरुस्त करू नये. कोण वर येते आहे ते तिच्यामुळे आधी कळते आणि चेहरा नीट करायला वेळ मिळतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीला. ते किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम ३. लाकडी शिकंजा, शिवणीची चौकट, तिन्ही सुऱ्या, घड्या दाबायचे हाड आणि सरसाचे भांडे मुलीला मिळावे. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते. हे मी तिला कधी बोललो नाही, कारण माझ्या वडिलांनी मला कधी म्हटले नाही. पोलादी पट्टी जावयाकडेच राहू द्यावी. ती त्याने नऊ वर्षांपूर्वी "जरा" म्हणून नेली आहे.

कलम ४. आता मुद्द्याचे. घर-दुकानासाठी मृत्युपत्र करण्याची मला गरज नव्हती. मायलेकींचे एकमेकींशी चांगले आहे. हा कागद मी करतो आहे तो एका माणसाच्या जिभेसाठी. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्या हातून मेली, आणि मी मूग गिळून बसलो.

आमच्या गावात धूम्ररसिक मंडळ आहे. दरवर्षी एका शनिवारी मंडळाची स्पर्धा होते. स्पर्धकांच्या डोळ्यांवर काळे मखमली रुमाल बांधतात, एकापाठोपाठ पाच सिगारी ओढायला देतात, आणि कोणती कोणत्या छापाची हे त्यांनी ओळखायचे असते. प्रत्येकाने सांगितलेली नावे त्याच्या चिठ्ठीवर लिहून घेतात. प्रत्येक सिगारीवर कंपनीच्या छापाचे चित्र असलेली कागदी पट्टी असते. ती आधी काढून तिथे नुसत्या आकड्याची पट्टी लावावी लागते. हे नाजूक काम माझ्याकडे आले, कारण मला कागद आणि खळ कळते. शिवाय मी आयुष्यात एकही सिगार ओढलेली नाही. मंडळात एवढा निःपक्षपाती माणूस दुसरा नव्हता.

काढलेल्या पट्ट्या मी एका पुठ्ठ्यावर त्या त्या आकड्यासमोर चिकटवत असे. तेच उत्तर. पुठ्ठा लिफाफ्यात, लिफाफा माझ्या खिशात, आणि निकालाच्या वेळी अध्यक्षांच्या हातात.

त्या वर्षी मी पाच पट्ट्या क्रमाने टेबलावर मांडल्या, खळीत ब्रश बुडवला, आणि तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला. कप्तान टेबलाखाली गेला, घुबड शिकंज्यावर बसले, जहाज, सम्राट आणि तीन मुकुट दाराकडे निघाले. मी सगळ्यांना गोळा केले, पण कोण कोणाच्या जागी होते हे देवालाच माहीत. प्रत्येक छापाची एकेक सिगार पट्टीसकट खोक्यात शिल्लक होती. तिच्याशी ताडून पाहायला दहा मिनिटे पुरली असती. पण अध्यक्ष खाली मोटारीचा हॉर्न वाजवत होते. मी पट्ट्या अंदाजाने चिकटवल्या आणि जिना उतरलो. त्या संध्याकाळी ओळखण्याची स्पर्धा खरे तर सर्वांत आधी मीच खेळलो होतो.

कलम ५. त्या दिवशी चार स्पर्धक होते. त्यांतले दोघे नाव घेण्यासारखे नव्हते.

तिसरा मिश्रणमास्तर. सिगारीच्या कारखान्यात कोणते पान कोणत्या पानाबरोबर गुंडाळायचे हे तो बत्तीस वर्षे ठरवत होता. बोलणे कमी. सिगारीचे दोन झुरके घ्यायचा, नाव सांगायचा आणि खाली ठेवायचा.

चौथा माझा मेहुणा, पत्नीचा थोरला भाऊ, न्हाणीघराच्या फरशा विकणारा. तो नाव सांगण्याआधी वर्णन सांगत असे. "हिच्यात जुन्या वाचनालयाचा वास आहे. मागून ओलं चामडं येतं. आणि शेवटी, शेवटी… थांबा… आजोबांची छत्री!" लोक डोळे मिटून माना डोलवत.

लिफाफा उघडला. मेहुण्याचे पाचांपैकी तीन बरोबर निघाले, मास्तराचे एकही नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. मास्तर एवढेच म्हणाला, "तीन नंबर घुबडच आहे." अध्यक्षांनी त्याला पुठ्ठा दाखवला. तीन नंबरसमोर जहाज होते. तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी न ओढता उरलेल्या आकडेवाल्या सिगारी खोक्यातल्या सिगारींशेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. प्रत्येक कारखाना सिगारीचे टोक वेगळ्या घडीने बंद करतो, आणि घडी मला कळते. मास्तराची पाचच्या पाच उत्तरे बरोबर होती. मेहुण्याचे एकही नाही.

त्याच दिवशी मला धावत जायला हवे होते. मी गेलो नाही. आत पत्नी करंडक पुसत होती. भावाने तो बहिणीच्या घरी ठेवायला दिला होता, आणि ती गुणगुणत होती. तिचा आनंद मोडवेना, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. माझी चूक चारचौघांत कबूल करवेना, हे सांगितले नाही.

कलम ६. पुढच्या वर्षी मेहुणा हरला असता तर लोकांनी मागचा निकाल उकरला असता. म्हणून मी खिशात खळीची डबी आणि जादा पट्ट्या ठेवू लागलो. स्पर्धकांच्या चिठ्ठ्या गोळा करून गुणांची बेरीज करायला शेजारच्या खोलीत जायचे आणि मेहुण्याच्या चिठ्ठीबरहुकूम नवा पुठ्ठा तयार करायचा. अध्यक्षांच्या बोटांना दरवर्षी ओली खळ लागत असे. ते ती रुमालाला पुसत आणि टाळ्या वाजवत. असे दहा वेळा झाले.

सहाव्या वर्षी तर मी पाचही सिगारी एकाच खोक्यातल्या ठेवल्या. त्याला त्यांत वाचनालय, पावसाळी तबेला, अक्रोड, बालपण आणि "एक प्रकारचा पश्चात्ताप" सापडला. पश्चात्तापापुरते त्याचे नाक तिखट होते हे मान्य करतो. फक्त तो सिगारीतून येत नव्हता, शेजारच्या खोलीतून येत होता.

मंडळाने त्याला 'जिव्हारत्न' ही पदवी दिली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजेच कारखान्याचे मालक. त्यांनी त्याला कारखान्याचा सल्लागार नेमले. त्याच्या सल्ल्याने निघालेली नवी सिगार मालकांनी पहिल्याच दिवशी आपल्या व्हरांड्यात पेटवली, तेव्हा पायाशी झोपलेला कुत्रा उठून बागेत गेला. ती सिगार अजून विकली जाते. लोक म्हणतात, आपल्याला कळत नाही.

आणि मास्तर? तो तीन वेळा हरला. तिसऱ्या वेळी मालक त्याला म्हणाले, "जीभ पण म्हातारी होते हो." त्याला खोकी मोजायला गोदामात पाठवले. त्याचा मालकांवर राग नव्हता. त्याला ते पटले होते. गेल्या हिवाळ्यात तो बायकोबरोबर आमच्याकडे एक जुना शब्दकोश बांधायला घेऊन आला होता. पत्नीने दोघांना चहा दिला. त्याने घोट घेतला आणि आपल्या बायकोला हळूच विचारले, "यात साखर आहे का गं?" ती म्हणाली, "आहे." मग त्याने उरलेला प्यायला. हे मी ऐकले, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

कलम ७. म्हणून त्या वर्षाच्या पाच पट्ट्या खऱ्या क्रमाने चिकटवलेला पुठ्ठा, मास्तराची त्या दिवशीची चिठ्ठी आणि आकडे लावलेल्या पाच शिल्लक सिगारी, असे सर्व जिन्नस असलेली कापडी पेटी माझ्या मृत्यूनंतर मास्तरास द्यावी. कलम ४ ते ६ मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावीत.

(हे कलम रद्द. कारण पुढे दिले आहे.)

कलम ८. मेहुण्यास काळा मखमली रुमाल द्यावा. आमच्याकडे ठेवलेला करंडकही त्यालाच द्यावा, फक्त त्यावरचा नावाचा पितळी पत्रा काढून. तो माणूस वाईट नाही. त्याला सगळ्यांनी मिळून उचलले, आणि उचललेल्या माणसाला खाली पाय टेकत नाहीत हे समजायला वेळ लागतो. त्याच्या फरशा मात्र खरोखर चांगल्या आहेत. आमच्या न्हाणीघरात वीस वर्षांत एक निखळली नाही.

पुरवणी, तीच तारीख, दुपार. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी तो पत्नीला वाचून दाखवला. तिच्या भावाचा प्रश्न होता, म्हणून आवाज जरा जड करून वाचला. ती वाटाणे सोलत होती.

"पंखा मीच लावला होता," ती म्हणाली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? उकडत होतं."

"अगं, पण तुझा दादा…"

"दादाची जीभ मला लहानपणापासून माहीत आहे. त्याने एकदा मेणबत्ती मिठाई समजून खाल्ली होती. वर आणखी मागितली. तो जिंकला तेव्हाच म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे."

"अकरा वर्षं मी तुझ्यासाठी गप्प बसलो!"

"माझ्यासाठी? मला विचारलंत कधी?" तिने टरफले बाजूला सारली. "आणि हे मेल्यावर वाचायचं? मेलेल्या माणसाला खरं बोलायला काय जातंय? मास्तर तुमच्याहून चार वर्षांनी मोठे आहेत. ते आधी गेले तर ही पेटी कुणाला द्यायची, मला?"

एकाहत्तर वर्षांच्या माणसाने केलेल्या हिशेबात पंचाहत्तर वर्षांचा माणूस धरायचा राहिला होता. तिने मुलीला फोन केला आणि साक्षीदार म्हणून डॉक्टरांबरोबर मास्तरांनाही घेऊन ये म्हणून सांगितले.

वकिलांना फोनवर विचारता ते म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कलम ७ रद्द केले. पेटी आजच हातोहात द्यायचे ठरवले.

तिसरी पायरी करकरली. मास्तर वर आला. डॉक्टर म्हणाले, "साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, नुसती सही करायची." मास्तर म्हणाला, "न वाचता मी एकदाच सही केली होती, गोदामाच्या बदलीवर." त्याने चष्मा लावला आणि सगळे वाचले. कलम सहा त्याने दोनदा वाचले. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही, शिकंज्याकडे पाहत राहिलो.

मग त्याने पेटी उघडली. पुठ्ठ्याला हात लावला नाही. पाच वाळलेल्या सिगारी आकडे खाली करून टेबलावर ठेवल्या, डोळे मिटले आणि एकेक उचलून नाकाशी धरली. "सम्राट. कप्तान. घुबड. तीन मुकुट. जहाज." मुलीने आकडे उलटून पुठ्ठ्याशी ताडले. पाचही बरोबर होते.

मी म्हणालो, "मास्तर, मला क्षमा कर."

"अकरा वर्षं मी बायकोला विचारून चहा पितोय," तो म्हणाला. क्षमा केली की नाही ते त्याने सांगितले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. मग तो म्हणाला, "शनिवारी स्पर्धा आहे ना? हे तिथे तू वाचायचंस. तू स्वतः. मी पुढच्या रांगेत बसणार." मी कबूल केले. ते मी येथे लेखी नोंदवतो, म्हणजे शनिवारी मला ताप आल्यास तो मानू नये.

पत्नीने चहा आणला. मास्तराने घोट घेतला, थांबला, आणि आणखी एक घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "साखर जास्त झालीये."

पत्नी म्हणाली की बरोबर आहे, आज हात चुकला. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून आणि थोडा घाम पुसून लिहून दिले.

ठिकाण: माझ्या दुकानातले मोठे टेबल, पंखा बंद.
तारीख: स्पर्धेच्या आधीचा बुधवार.

(सही) पुस्तकबांधणी करणारा

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याची प्रकृती तपासली. शनिवारपर्यंत काळजीचे कारण नाही.

साक्षीदार २: (सही) मिश्रणमास्तर. याने माझ्यासमोर सही केली. सही करताना तो पूर्ण शुद्धीवर होता. अकरा वर्षे उशिरा आला, पण आला. तीन नंबर घुबडच होते.