पाच फेऱ्या ओढ, मग बाजूला हो

सर, तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. तुमच्या शोकसभेत मी बोललो होतो. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, समोर तुमचा हार घातलेला फोटो, आणि मी वीस मिनिटं बोललो. पहाटेची शिट्टी, शिस्त, उन्हात उभं राहून आमच्याबरोबर घाम गाळणारे पीटीचे सर, सगळं सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. धुळ्याच्या मैदानावरच्या शर्यतीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मला कधीच पटलेलं नाही. गेलेल्यांनी केलेलं जिवंत माणसांच्या अंगात शिल्लक राहतं, मग त्याविषयी बोलायचं कुणी? तरी त्या दिवशी गप्प बसलो, कारण पहिल्या रांगेत तुमच्या पत्नी बसल्या होत्या. त्यानंतर मात्र मी गप्प बसलो नाही. जयंतीच्या व्यासपीठांवर, कॉलेजांच्या शिबिरांत, विहारातल्या रविवारच्या सभेत, किती ठिकाणी ती गोष्ट सांगितली याचा हिशोब नाही. तुमचं नाव घेतलं नाही. 'एक शिक्षक' म्हणालो. सभा सुन्न व्हायची, मग टाळ्या पडायच्या. ती गोष्ट तुम्हाला मात्र कधी सांगितली नाही, म्हणून आज सांगतो.

मी नववीत होतो. सोनगीरच्या अलीकडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून शाळेपर्यंत मी रोज पळत यायचो, कारण चालत आलो तर उशीर व्हायचा. तुम्ही ते पाहिलंत आणि मला संघात घेतलंत, हे मी नाकारत नाही. श्वास कसा घ्यायचा, वळणावर आतली बाजू कशी धरायची, हात छातीपुढे आडवे जाऊ द्यायचे नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. आजही धावताना हात आडवे जायला लागले की तुमचा आवाज ऐकू येतो आणि मला त्याचा राग येतो. जिल्ह्याच्या स्पर्धेत तीन हजार मीटरची शर्यत होती, मैदानाच्या साडेसात फेऱ्या. आपल्या शाळेचे दोघं उतरणार होते, मी आणि संस्थेच्या चिटणीसांचा मुलगा. शर्यतीच्या आधी तुम्ही मला पाण्याच्या टाकीमागे नेलंत आणि खांद्यावर हात ठेवलात. म्हणालात, "शिरपूरचा पोरगा शेवटी जोर मारतो. त्याला आधीच दमवायचं. पाच फेऱ्या तू ओढ, मग बाजूला हो. पुढचं आपला पोरगा बघेल." मी विचारलं, "सर, आणि मी बाजूला नाही झालो तर?" तुम्ही हसलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. "तू होशील. तू ऐकतोस, म्हणून तर तुला सांगतोय. त्याला सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का?"

पाचवी फेरी संपली तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे होतो. मागे निदान तीस पावलांचं अंतर होतं आणि, सर, मी दमलो नव्हतो. तुम्ही रेषेच्या बाहेर उभे होतात, गळ्यात शिट्टी, हाताचा पंजा खाली करून खुणावत होतात. मी बाजूला झालो. गवतावर बसलो आणि पुढच्या अडीच फेऱ्या पाहिल्या. आपला पोरगा तिसरा आला. एवढं सगळं करून तिसरा. शिरपूरवाला दमला नव्हताच, तो माझ्या नादाला लागलाच नव्हता.

घरी आई चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "कितवा उना रे?" मी म्हणालो, मधेच थांबलो, सरांनी सांगितलं होतं. तेव्हा तिचे हात थांबले. "सरनी सांगं, आनी तू थांबना?" मी मान हलवली. ती तव्याकडे बघत म्हणाली, "पाय तुना शेतस का सरना?" पाय माझे की सरांचे, एवढं विचारून तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पांढरे कॅनव्हासचे बूट दिलेत. बोटभर मोठे होते. पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मी ते दोन वर्षं वापरले. आईनं त्या बुटांना कधी हात लावला नाही. अंगण सारवताना सगळ्यांच्या चपला उचलायची, ते बूट तिथंच राहू द्यायची आणि त्यांच्या भोवतीनं सारवायची.

तुमची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती आणि त्या कागदावर चिटणीसांची सही व्हायची होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. कळल्यावर राग कमी होईल असं वाटलं होतं, पण तो वाढला. तुमच्यावर कुणी दाब आणला म्हणून तुम्ही तो खाली ढकललात, आणि खाली कोण उभं आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी बरीच पुस्तकं वाचली, सर. माणूस माणसाला कसा वापरतो यावर जाडजूड ग्रंथ आहेत. पाण्याच्या टाकीमागे तुम्ही जे तीन वाक्यांत सांगितलंत, ते इतकं स्वच्छ मला कुठल्याही ग्रंथात सापडलं नाही.

पंचवीस वर्षं मी धावलो नाही. मग जळगावला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मेहरूण तलावाच्या काठानं चालायला लागलो. चालता चालता पळायला लागलो. सकाळी तिथं सगळ्या तऱ्हेची माणसं येतात, सोन्याचे कारागीर, बँकेतले, शिक्षिका, निवृत्त पोलीस. मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी परतलं नाही तर रस्ता तळव्यांना भाजतो, म्हणून अंधारातच निघायचं, कमरेच्या पट्ट्यात पाण्याची बाटली अडकवायची, आणि दर रविवारी एखादा किलोमीटर वाढवायचा. पहिली अर्धमॅरेथॉन मी पुरी केली तेव्हा शेवटच्या रेषेपाशी एकटाच रडलो, ते घामात खपून गेलं. पुढच्या वर्षी मी स्वयंसेवक झालो, आधी पाण्याच्या टेबलावर, संत्र्याच्या फोडी आणि मीठ वाटायला, आणि मग पेसर. तुमच्या काळात हा प्रकार नव्हता. पाठीला वेळ लिहिलेला झेंडा बांधायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीनं पळायचं. त्या वेळेत पोचायचं असेल त्यांनी झेंड्यामागे यायचं. माझ्या झेंड्यावर अडीच तास असतात, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं आणि वर सहा सेकंद. पेसरनं जिंकायचं नसतं, आपली दमछाक दाखवायची नसते, मागच्यांना घेऊन यायचं असतं. हे काम मी का घेतलं ते तुम्हाला कळेल. तुम्ही मला पुढे पळवलंत ते मागच्याला दमवायला, आणि मी पुढे पळणार होतो ते मागच्याला पोचवायला. पेसरच्या बैठकीत मी हे बोललोही. बोलायला मला वेळ लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या झेंड्यामागे अकरा जण होते. त्यांत एरंडोलकडची एक नर्स होती, सरकारी दवाखान्यातली. आधीच्या दोन वर्षांत तिचे अडीच तास थोडक्यात हुकले होते, एकदा चार मिनिटांनी, एकदा दोन. रात्रपाळी करून ती सकाळी पळायची. सुरुवातीच्या कमानीखाली बुटाची नाडी आवळत मला म्हणाली, "भाऊ, यंदा झालं तर झालं. बदलीची ऑर्डर निघालीय, अक्कलकुव्याकडे. तिकडे नुसते चढ." मी म्हणालो, "झेंडा सोडू नका. मी आणतो तुम्हाला." ती म्हणाली, "तुमचं भाषण ऐकलंय मी. तुम्ही सोडणारे नाही." बाकीचे हसले.

चौथ्या किलोमीटरला मागून एक जाडसर माणूस धापा टाकत आमच्यात आला. महागडे बूट, काळा चष्मा. माझ्याकडे वळून बघितलं आणि खांद्यावर थाप मारली. चिटणीसांचा मुलगा. आता त्याचं बियाणांचं दुकान आहे, मोठं. "काय भो," म्हणाला, "तू अजून ओढतोसच का?" मग बाकीच्यांना ऐकू जाईल असं, "हा माझा शाळेतला ओढणारा बरं का. सरांनी माझ्यासाठीच तयार केला होता." तो दुष्टपणानं बोलला नाही, सर. त्याला ती आठवण खरंच गोड वाटत होती. नर्सनं कौतुकानं विचारलं, "अगोबाई, म्हणजे तुम्ही तेव्हापासून पेसर?" मी मनगट वर केलं. माझ्या हातावर घड्याळ होतं आणि ते सात मिनिटं सहा सेकंद दाखवत होतं. पुढचा किलोमीटर सहा चाळीसचा झाला. त्याच्या पुढचा सहा पंचवीसचा.

मी काय करतोय हे मला ठाऊक होतं. पाय घसरला, लक्ष नव्हतं, असलं काही नाही. त्याच्या कानशिलावरून घाम निथळताना मी पाहत होतो आणि हात छातीपुढे आडवे जाऊ न देता, तुम्ही शिकवलंत तसा, वेग वाढवत होतो. आठव्या किलोमीटरला नर्स मागून म्हणाली, "भाऊ, आपण जोरात नाही ना चाललो?" मी मागे न बघता म्हणालो, "बरोबर आहे." तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचा विश्वास होता. अकराव्याला तो थांबला. पाण्याच्या टेबलाशी टेकून केळं सोलत मोठ्यानं ओरडला, "जा भो तू पुढे, आपलं झालं," आणि कुणाला तरी फोटो काढायला सांगून अंगठा दाखवला. तो हरला नव्हता. त्याचं काही लागलेलंच नव्हतं त्यात. मी ज्याच्याशी पळत होतो तो तिथं नव्हताच.

तिच्या पोटरीत गोळा आला चौदाव्या किलोमीटरला. मी वळून पाहिलं तेव्हा ती दुभाजकावर बसून दोन्ही हातांनी पाय दाबत होती. मला हातानं खूण केली, तुम्ही जा, थांबू नका. मी गेलो. झेंडा थांबवता येत नाही, असा नियम आहे. त्या वेळी नियम फार सोयीचा वाटला. उरलेले एकेक करून गळाले. मग मी गती कमी केली, हिशोब जुळवला, आणि दोन तास एकोणतीस मिनिटं आणि काही सेकंदांनी शेवटची रेषा ओलांडली. माइकवरचा माणूस म्हणाला, "बघा, पेसर असावा तर असा, सेकंदाचा पक्का." माझ्या मागे एकही माणूस नव्हता. ती लंगडत आली तेव्हा कमानीपाशी खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. मी तिच्या गळ्यात पदक घातलं.

तेव्हापासून मी ती गोष्ट सभेत सांगितलेली नाही. दोनदा तोंडाशी आली आणि मी विषय बदलला. हे तुमची बाजू घ्यायला लिहितोय असं समजू नका. तुम्ही केलंत ते वाईटच होतं आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्ही निदान टाकीमागे नेऊन तोंडावर सांगितलंत. मी तिला तेवढंही सांगितलं नाही. हे पत्र खरं तर तिच्या नावानं लिहायला हवं, तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहितोय कारण तुम्ही उत्तर देणार नाही. घडी घालून पुस्तकात ठेवून देईन.

पदक घालताना तिनं विचारलं होतं, "भाऊ, आपलं नेमकं चुकलं कुठं?" मी म्हणालो, घड्याळ बिघडलं होतं. गेल्या आठवड्यात अक्कलकुव्याहून तिचा फोन आला. तिथल्या चढांवर तयारी चालू आहे, यंदा रजा टाकून येणार आहे, आणि झेंडा माझाच धरणार आहे. "घड्याळ दुरुस्त केलंत ना?" तिनं विचारलं. जुनं घड्याळ उत्तम चालतंय, सर. फोन ठेवला आणि संध्याकाळी जाऊन मी नवीन घेऊन आलो.