पेल्मेटवरची आडवी वेल

अण्णा,

वाशीच्या या घरात मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी ऐका, जिवंतपणी तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत म्हणून. स्वयंपाकघरातली मांडणी. मोरीवरचा माळा. चपलांचं कपाट, ज्याचं दार आजही कुरकुरत नाही. एकही खिळा न मारता, नुसत्या खाचांवर उभा केलेला देव्हारा. आणि तीन खिडक्यांवरची तीन पेल्मेटं, पडद्याची नळी झाकणारी, कापड चढवलेली. मी कुठल्या सुताराच्या हाताखाली राहिलो नाही. रबाळ्याच्या कारखान्यात यंत्रं देवदारी खोक्यांतून यायची, ती खोकी मोडताना फळ्या कशा जोडल्यात ते बघून शिकलो. तुम्ही त्याला ‘खोकेगिरी’ म्हणायचात. चारचौघांत म्हणायचात.

काळबादेवीच्या दुकानात गादीवर बसून तुमचा जन्म लोकांना पडद्यांची कापडं उलगडून दाखवण्यात गेला. आपल्या खिडकीला मात्र कायम आईचं जुनं लुगडं. त्याबद्दल मी कधी बोललो नाही. नवीन घर झालं तेव्हा एकदाच मागितलं: ‘अण्णा, एखादा कटपीस निघाला तर बाजूला ठेवा, पैसे मी देतो.’ तुम्ही पानाला चुना लावत होतात. वर न बघताच म्हणालात, ‘खोक्यावर ठोकायला? कापड मोकळं पडलं पाहिजे, बाबा. ठोकलं की मेलं.’ विषय संपला.

मग मी फूटपाथवरून घेतलं. पांढुरक्या कापडावर हिरवी वेल, खालून वर चढत जाणारी. स्वस्त होतं, पण कमी होतं. खिडकी सहा फूट आणि कापडाचा पन्हा त्याच्या पाऊण. वेल उभी ठेवायची तर प्रत्येक पेल्मेटला जोड येणार, तोही नेमका समोर दिसेल असा, आणि तिसऱ्या खिडकीला कापड उरणारच नाही. कापड आडवं फिरवलं तर तिन्ही अखंड निघतात, फक्त वेल झोपते. मी दोन्ही करून पाहिलं, टाचण्या लावून, लांबून, जवळून. जोड मला सहन होईना. हा निर्णय होता, अण्णा. चूक नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत त्याला चूक समजलात.

ते कसं केलं तेही सांगतो. समोरची फळी, दोन बगला, वर झाकण, म्हणजे धूळ पडद्याच्या नळीवर बसत नाही. फळीवर जुन्या गादीतला कापूस, हातानं पिंजून, बोट दाबलं तर लाकूड लागेल न लागेल इतकाच. त्यावर धोतराचा तुकडा, म्हणजे कापूस गोळा होत नाही. मग कापड. पहिला खिळा मधोमध, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. एका टोकाकडून ठोकत गेलात तर कापड तिरकं ओढलं जातं. सगळे खिळे मागच्या बाजूला. पुढून एक दिसत नाही. आजही या, दाखवतो.

तुम्ही आलात ते वास्तुशांतीला. पूल ओलांडून बसनं, घामाघूम. घर माणसांनी भरलंय. लोक पाकिटं देतायत, कुणी अकरा, कुणी एकवीस, मेव्हण्यानं एक्कावन्न दिलेत. तुम्ही रिकाम्या हातानं दारात उभे, आणि तुमची नजर थेट वर जाते. दुकानदाराची नजर.

‘काय रे, ही वेल अशी आडवी का? दुखणाईत आहे?’

सगळे हसतात. मेव्हणा सगळ्यांत मोठ्यानं. ही म्हणते, ‘अण्णा, आधी सरबत घ्या.’ तुम्ही सरबत घेता आणि पुन्हा म्हणता, ‘नाही, पण सुनबाई, तू तरी सांगायचंस त्याला. वेल वर चढते, एवढं पोरालाही कळतं.’ तुमचा आहेर तो. नंतर जितक्यांदा आलात, खिडकीकडे पाठ करून बसलात.

मग छातीच्या दुखण्यानं आणलं तुम्हाला इथे. खाडीचा वारा लागावा म्हणून मी खाट बाहेरच्या खोलीत टाकली, पायथा खिडकीकडे. उताणं पडलं की समोर पेल्मेटच. तुम्हाला वाटलं असेल, मुद्दाम. तसं नव्हतं, पण हलवलीही नाही. आठवडाभरात तुमचं सुरू झालं.

‘अरे, ते काढ.’

‘का?’

‘डोळ्यांना त्रास होतो.’

‘मग कुशीवर वळा. वेल उभी दिसेल.’

हे मी म्हणालो. स्वयंपाकघरात हिच्या हातातली पळी थांबलेली मला ऐकू आली. तुम्ही कुशीवर वळलात खरे, पण भिंतीकडे तोंड करून.

ते पेल्मेट अजून आहे. उन्हानं हिरवा रंग राखाडी झालाय, कापूस बसलाय, पण कोपरे अजून धारदार आहेत. ही म्हणते, ‘आता तरी बदला, कुणासाठी ठेवलंय?’ मी बदलणार नाही. उभ्या वेलीचं कापड आता मला सहज परवडेल, म्हणून तर नाहीच. आणि हे पत्र टपालात पडणार नाही, तेव्हा उरलेलं लिहायला हरकत नाही.

भिंतीकडे वळलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत. उशीखालून हात बाहेर काढलात. ‘हे घे. उभ्या वेलीचं आण, आणि नीट कर.’ मी म्हणालो, ‘ठेवा तुमच्याकडे. मी मजुरीवर कामं करत नाही.’ शंभराची नोट होती, आणि तिच्यावर एक रुपयाचं नाणं. मजुरीवर वरचा रुपया कुणी ठेवत नाही. ते नाणं मी पाहिलं होतं, अण्णा, नाही म्हणायच्या आधी पाहिलं होतं. एकशे एक रुपये.